बॉडी बनवणारं स्टेरॉइड बाप होण्याच्या आड कसं येतं?

जिममधली ‘सायकल’ म्हणजे काही आठवड्यांचा इंजेक्शन-गोळ्यांचा कोर्स. दम्याच्या पंपातलं स्टेरॉइड वेगळं, प्रोटीन पावडर तर त्याहून वेगळी. इथे विषय आहे अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडचा, म्हणजे टेस्टोस्टेरॉन आणि त्याच्या कृत्रिम भावंडांचा.

मग पुरुषी हार्मोन घेऊन पुरुषाचंच नुकसान कसं होतं?

मेंदू रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनवर सतत नजर ठेवतो. बाहेरून भरपूर आलं की तो एलएच आणि एफएसएच ही हार्मोन्स सोडणं जवळपास थांबवतो. त्यांच्याविना वृषण काम थांबवतात. शुक्राणू घडायला वृषणाच्या आत रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त टेस्टोस्टेरॉन लागतं, आणि इंजेक्शनने ती पातळी गाठता येत नाही. म्हणजे रक्तात पूर, वृषणात दुष्काळ. वृषण आकारानेही लहान होतात.

हा परिणाम इतका भरवशाचा, की जागतिक आरोग्य संघटनेने तो चक्क गर्भनिरोधक म्हणून तपासला. 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 7 देशांतल्या 271 निरोगी पुरुषांना आठवड्याला 200 मिलीग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिलं. 6 महिन्यांत 157 जणांच्या वीर्यात एकही शुक्राणू उरला नाही. जिममधले डोस अनेकदा याहून मोठे असतात.

गंमत म्हणा की फसवणूक, हे कळतच नाही. कोर्स चालू असताना कामेच्छा टिकते, वीर्यही नेहमीसारखंच दिसतं, कारण त्यात शुक्राणूंचा वाटा अगदी थोडा. लग्नानंतर पाळणा हलत नाही तेव्हा तपासण्या सुरू होतात, त्याही बहुतेक घरांत आधी बायकोच्या!

औषध बंद केल्यावर थकवा येतो, इच्छा मरते, ताठरता कमी होते. मग घाबरून दुसरी सायकल, आणि चक्र पुन्हा पहिल्यापासून. शुक्राणू तयार व्हायलाच अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे थांबल्यावर बहुतेकांचे आकडे सुधारायला कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त काळ जातो. वर्षानुवर्षं घेतलेल्या काहींचे पूर्ववत होतही नाहीत.

ट्रेनर सांगतो तो ‘क्लोमिफीन’चा उपाय रक्त तपासल्याशिवाय करू नका. नागपुरात मेडिकल, मेयो किंवा एम्स गाठा आणि काय, किती, कधीपासून घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा. ते लपवलं आणि ‘टेस्टोस्टेरॉन कमी आहे’ म्हणून पुन्हा तेच इंजेक्शन सुरू झालं, तर शुक्राणू आणखी लांबणीवर. वीर्यतपासणीआधी 2 ते 7 दिवस संबंध आणि हस्तमैथुन टाळावं लागतं. एका अहवालावर निष्कर्ष काढत नाहीत, काही आठवड्यांनी दुसरा करतात.