वैलावरची आमटी

आमच्या भागात एका जाळावर दोन भांडी शिजायची. चुलीच्या पोटातून बाजूला भोक काढलेलं असे आणि त्यापुढे मातीचंच दुसरं तोंड, तो वैल. तव्यावर भाकरी, वैलावर आमटी. तव्याखालून निसटलेला जाळ त्या भोकातून जाता जाता आमटीची उकळी राखायचा. तिच्यासाठी वेगळं लाकूड लागत नसे. भाकरी तव्यावरून उतरली की चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या निखाऱ्यांवर फुगायची. रात्री आजी निखारे राखेत पुरून ठेवी. सकाळी फुंकणी घेतली की काडेपेटीवाचून चूल पेटे.

ही काटकसर डोंगराने शिकवली. पुणे जिल्ह्यात घोडेगावच्या पश्चिमेला आहुपे-तळेघरकडे, किंवा जुन्नरहून आपटाळ्याच्या पुढे, पावसाळ्याचं सरपण उन्हाळ्यातच डोक्यावरून वाहून आणावं लागे. हिरडा तोडायचा नाही, कारण त्याच्या फळांवर घरात पैसा येई. देवराईत कोयता न्यायचा नाही. भाताच्या राबालाही, म्हणजे रोपांची जमीन भाजायला, फांद्या हव्यातच. एवढं सगळं सोडून जे उरेल, ते चुलीला. 1985 मध्ये भीमाशंकर अभयारण्य झालं आणि जंगलात जाणं आणखी अवघड झालं. वैल बायकांनीच घडवला असणार, असं मी मानते. मोळीचं ओझं त्यांच्याच मानेवर होतं.

1983 च्या सुमारास सरकारची निर्धूर चूल आली. साधी उघडी चूल लाकडातल्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्यापर्यंत पोचवते. नव्या चुलीने तो दुप्पट करावा, अशी अपेक्षा होती. तिच्यातलं दुसरं भांडं म्हणजे आमचा वैलच. धूर बाहेर नेणारा नळ मात्र खरंच नवा होता, आणि आजीचे चुरचुरणारे डोळे आठवले की वाटतं, तो शंभर वर्षं आधी यायला हवा होता.

गोबरगॅसने मंचर-नारायणगावच्या बागायती पट्ट्यात जम बसवला. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे 50 किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. गोठ्यात गाई बांधून असलेल्याला ते जमतं. दिवसभर डोंगरात चरणाऱ्या जनावरांचं शेण कोण वेचणार?

त्याच बागायतीत ऊस तुटला की पाचट फडातच पेटवून देतात. पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने त्या पाचटापासून कांडी कोळसा करून दाखवला. 2002 मध्ये त्या कामाला ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. त्यांच्या सराई कुकरात शंभरेक ग्रॅम कोळशावर चार-पाच माणसांचा वरणभात होतो. खाली कोळसा, वर एकावर एक डबे, भोवती झाकण. उष्णतेला बाहेर जायला वाटच ठेवलेली नाही.

आता घरोघरी सिलिंडर आहे. तरी अंघोळीचं पाणी अजून कित्येक घरांत चुलीवरच तापतं, आणि मोळीतलं बरंचसं लाकूड तिथेच जातं. चुलीची पुढची योजना आखणाऱ्यांनी आधी त्या हंड्याचा विचार करावा.