अपेक्षाक्षितिज आणि ‘मेरा नाम जोकर’
डिसेंबर १९७०मध्ये प्रदर्शित झालेला राज कपूर यांचा ‘मेरा नाम जोकर’ लांबीमुळे कोसळला, असे सांगण्याचा प्रघात आहे. हे स्पष्टीकरण टिकत नाही. जवळपास तेवढाच दीर्घ, दोन मध्यंतरांचा ‘संगम’ १९६४मध्ये याच प्रेक्षकाने उचलून धरला होता. हान्स रॉबर्ट याउस यांची ‘अपेक्षाक्षितिज’ ही संकल्पना येथे अधिक उपयोगी पडते. सहा वर्षांच्या प्रतीक्षेत आणि गाजावाजात कलाकृतीपेक्षा तिचा कर्ताच मोठा झाला होता. दुर्दैवाने संहितेनेही त्याचीच री ओढली. शाळकरी राजूचे शिक्षिकेविषयीचे आकर्षण रंगवणारा पहिला भाग संयत आहे (ऋषी कपूर यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला). प्रौढ राजू मात्र करुण वाटण्याऐवजी करुणा मागत राहतो. त्याच्या खेळाला आयुष्यातील तिन्ही स्त्रिया प्रेक्षक म्हणून बसवल्या आहेत. चित्रपट कसा पाहावा, याचा तो जणू वस्तुपाठच!

पुढील दशकांत ‘जोकर’ला अभिजाततेचा मान मिळाला. या पुनर्मूल्यांकनात कर्त्याच्या आर्थिक हानीची कथा गुणवत्तेचा पुरावा म्हणून पुढे केली जाते आणि १९७०चा प्रेक्षक अरसिक ठरतो. ‘संगम’ डोक्यावर घेणारा हाच प्रेक्षक सहा वर्षांत अरसिक कसा झाला, याचे उत्तर या मांडणीत सापडत नाही.