दसऱ्यातला टीव्हीगेम आणि पीएसटूवरचं गल्ली क्रिकेट

हिंगोलीच्या दसऱ्याला, रामलीला मैदानावरच्या प्रदर्शनात पप्पांनी मला टीव्हीगेम घेऊन दिला होता. सोबत पिवळी कॅसेट, वर लिहिलेलं '९९९९ इन १'. खरे गेम दहा-बाराच, तेच फिरून फिरून यायचे. कॅसेट अडली की फुंकर! तुमच्यातल्या निम्म्यांनी हे केलेलं असणार.

तो डबा म्हणजे निन्टेंडोच्या १९८३ च्या फॅमिकॉमची नक्कल. आतले गेमही बिनपरवान्याचे. म्हणजे आपलं गेमिंगचं बालपण चोरीच्या मालावर गेलं, आणि ते आपल्याला माहीतही नव्हतं.

पण मला खरी हळहळ वाटते ती नंतरच्या गेम्सची. प्लेस्टेशन टू आला २००० मध्ये. त्याच्या उतरत्या काळात भारतात त्याच्यासाठी गेम बनले. २००९ मध्ये 'हनुमान: बॉय वॉरियर' आणि 'देसी अड्डा', त्यात चक्क कबड्डी आणि गिल्ली-दांडा. २०१० मध्ये मुंबईच्या ट्राइन गेम्सचा 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स'. हे सोनीच्या मशीनसाठीच निघाले. मशीन बंद पडली की गेम गेला.

इथे एम्युलेटर कामाला येतो. पीएसटूला रॅम फक्त ३२ एमबी, प्रोसेसर साधारण ३०० मेगाहर्ट्झचा. पीसीएसएक्सटू हा फुकट, ओपन सोर्स प्रोग्राम त्या प्रोसेसरच्या सूचना आपल्या प्रोसेसरच्या भाषेत चालता चालता बदलतो. ऐकायला सोपं आहे, पण लोकांनी त्यावर वीसेक वर्षं घासलीत.

एम्युलेटर बनवणं गुन्हा आहे का? सोनीने अमेरिकेत कनेक्टिक्स कंपनीवर दावा लावला होता. २००० मध्ये अपील कोर्टाने कनेक्टिक्सच्या बाजूने निकाल दिला. घोळ असतो तो बायोस आणि गेममध्ये. बायोस सोनीच्या मालकीचा, म्हणून तो नेटवरून उचलायचा नाही, स्वतःच्या कन्सोलमधून काढायचा. गेमची डिस्कही आपलीच हवी. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ कायदेशीरपणे जवळ असलेल्या प्रोग्रामची बॅकअप प्रत काढू देतं. माझा आधार तेवढाच. ती प्रत मित्राला पाठवली की आधार संपला.

आणि हो, पीएसटूचा गेम आयएसओ फाइलमध्ये असतो. 'गेम' म्हणून ईएक्सई फाइल आली तर उघडू नका. कॉलेजात मी उघडली होती. फॉरमॅट मारावा लागला, प्रोजेक्टसकट.

मागच्या दिवाळीत जुना पीएसटू आणि क्रिकेटची डिस्क विकत घेतली. डिस्कवर चरे होते, तिसऱ्या झटक्यात प्रत निघाली. लॅपटॉपवर गल्ली क्रिकेट सुरू झालं तेव्हा भाचा शेजारी बसला होता. दोन ओव्हर खेळला आणि म्हणाला, "मामा, मोबाइलवर येतो का हा?"