मालक बदलला, भांडण राहिले

हिंगोली जिल्ह्यातील एका शाळेत आम्ही कोळशावर बोलायला गेलो होतो. एका मुलाने विचारले, "आपल्याकडे कोळसा निघतच नाही. मग खाणकामगारांचा इतिहास आपण कशाला शिकायचा?"

प्रश्न रास्त होता. हिंगोलीच्या जमिनीखाली लाव्ह्यापासून बनलेला काळा बेसाल्ट आहे. त्यात कोळसा सापडत नाही. पण जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या पैनगंगेवर बोट ठेवून नकाशात पुढे चला. पैनगंगा वर्धेला मिळते, पुढे प्राणहिता आणि मग गोदावरी. या पट्ट्यातील गोंडवन खडकांत सुमारे २५ कोटी वर्षांहून जुने कोळशाचे थर आहेत. त्याच्या दक्षिण भागात सिंगरेणीच्या खाणी आहेत. १९५६ पर्यंत हिंगोली आणि सिंगरेणी एकाच हैदराबाद राज्यात होत्या. म्हणजे हा इतिहास परका नाही.

१८७१ मध्ये भूवैज्ञानिक विल्यम किंग यांना येल्लंदूजवळ कोळसा आढळला. इंग्लंडमध्ये स्थापन झालेल्या हैदराबाद (डेक्कन) कंपनीने १८८६ मध्ये खाणकामाचे हक्क मिळवले आणि १८८९ मध्ये उत्पादन सुरू झाले. १९२० मध्ये सिंगरेणी कॉलियरीज कंपनी स्थापन झाली. १९४५ मध्ये निजाम सरकारने तिचे बहुसंख्य भाग विकत घेतले. देशातील इतर बहुतेक कोळसा खाणी सरकारकडे आल्या त्या १९७१ ते १९७३ या काळात. सिंगरेणीत मात्र मालक पाव शतक आधीच बदलला होता.

विज्ञानाच्या शिक्षकाला येथे जणू एक प्रयोगच सापडतो. खासगी मालकाचा नफा हेच भांडणाचे एकमेव कारण असते, तर मालक बदलल्यावर ते मिटायला हवे होते. पण सिंगरेणीत संप होतच राहिले. असे का?

उत्तरासाठी खाणीत उतरू. भूमिगत खाणीत कोळसा काढताना छत कोसळू नये म्हणून मध्ये मध्ये कोळशाचेच खांब सोडतात. पुढे मागे सरकत तेही काढून घेतात. हे काम विशेष धोक्याचे असते. कचेरीतल्या हिशेबात खांब म्हणजे काढायचा राहिलेला कोळसा. खाली उभ्या असलेल्या माणसाला तो डोक्यावरच्या छताचा आधार. किती काढायचा, केव्हा काढायचा, त्याजागी टेकू किती द्यायचे, हे प्रश्न मजुरीइतकेच महत्त्वाचे ठरतात. मालक कंपनी असो की सरकार, उत्पादनाचे उद्दिष्ट आणि कामगाराचा जीव यांतील ताण आपोआप संपत नाही. म्हणून कामगाराला संघटना लागते.

पण संघटना अनेक असल्या की नवी अडचण येते. सिंगरेणीत तसेच झाले. एकीशी बोलणी करावीत, तर दुसरी संप पुकारी. कामगारांच्या वतीने बोलणार कोण? सप्टेंबर १९९८ मध्ये यावर उपाय म्हणून गुप्त मतदान घेण्यात आले आणि आयटकची संघटना निवडून आली. पुढच्या निवडणुकांत कधी दुसऱ्या संघटनेला कौल मिळाला, तर डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा आयटकला. खाणीतला धोका यामुळे नाहीसा झाला नाही, संपही कायमचे थांबले नाहीत. पण कामगारांचा कौल मोजण्याची एक रीत मिळाली, आणि हरलेल्यांना पुन्हा मत मागण्याची संधीही.

त्या मुलाला आम्ही एक खेळ सुचवला. तुम्हीही वर्गात करून पाहा. वीस काड्यापेट्या उभ्या मांडून त्यांवर पुठ्ठा ठेवा आणि पुठ्ठ्यावर पुस्तके रचा. एका गटाला काढलेल्या प्रत्येक पेटीमागे एक गुण द्या. दुसऱ्या गटाने पुठ्ठ्याखाली हात ठेवून बसावे. दोन-चार पेट्या निघाल्या की दुसरा गट बोलू लागेल. त्याचे म्हणणे कोणी आणि कसे ऐकायचे, याचे नियम मुलांनाच ठरवू द्या.