काटेकोरपणात हरवलेला शोध

१/ शेंगावर्गीय पिकानंतर जमीन सकस होते, हे रोमन काळातील शेतकऱ्यांनाही ठाऊक होते. त्याचे कारण मात्र १८८६ पर्यंत सिद्ध झाले नाही. त्याआधी एका अत्यंत काटेकोर प्रयोगाने चुकीचे उत्तर दिले होते आणि चुकीचे मूळ त्या काटेकोरपणातच होते.

२/ हवेत सुमारे ७८ टक्के नत्रवायू असतो. १८३०च्या दशकात फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसँगो यांनी खताविना वाढवलेल्या क्लोव्हर व वाटाण्यातील नत्र मोजले. ते बियाण्यातील नत्रापेक्षा अधिक भरले. गव्हात मात्र तशी वाढ आढळली नाही.

३/ इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे लॉज, गिल्बर्ट व पग यांनी १८५७ पासून याची कसोटी घेतली. माती भाजली, रोपे काचेखाली ठेवली, आत जाणारी हवा अमोनियामुक्त केली. नत्र वाढले नाही. वनस्पती हवेतील नत्र घेत नाहीत, असा निष्कर्ष निघाला.

४/ मोजमाप अचूक होते. पण भाजताना मातीतील जिवाणू मेले होते आणि काचेमुळे नव्यांना वाट उरली नव्हती. १८६६ मध्ये रशियन शास्त्रज्ञ वोरोनिन यांनी ल्युपिनच्या मुळांवरील गाठींत सूक्ष्मजीव पाहिले. त्यांचे कार्य मात्र उमगले नाही.

५/ जर्मनीत हेलरीगेल व विलफार्थ यांना एक विसंगती दिसली. नत्रहीन वाळूत ओट उपाशी राहत. वाटाण्याची काही रोपे मात्र जोमाने वाढत. निर्जंतुक वाळूत शेतातील मातीचे थोडे पाणी घालताच वाटाणा फोफावला, मुळांवर गाठी आल्या. तेच पाणी उकळून घातले, तर परिणाम शून्य. १८८६ मध्ये बर्लिनच्या सभेत हेलरीगेल यांनी हे जाहीर केले.

६/ १८८८ मध्ये डच शास्त्रज्ञ बायरिंक यांनी गाठींतील जिवाणू वेगळे करून वाढवले. पुढे व्यवहार उलगडला: वनस्पती जिवाणूंना शर्करा पुरवते; जिवाणू हवेतील नत्राचे अमोनियात रूपांतर करतात. प्राणवायूने हे काम बिघडू नये म्हणून गाठीत हिमोग्लोबिनसारखे प्रथिन असते. निरोगी गाठ कापली असता आत गुलाबी दिसते, ती त्यामुळेच.

७/ रोथॅमस्टेडनेही पुढे नवे प्रयोग करून हा निष्कर्ष मान्य केला. आज महाराष्ट्रात तूर, हरभरा वा सोयाबीन पेरण्यापूर्वी बियाण्यास रायझोबियम चोळतात. वाटाण्याच्या कुंडीत घातलेल्या त्या मातीच्या पाण्याचेच हे आजचे रूप.