पहिला खंदक पडतो, पुढे काय?

कामठीची छावणी १८२१ सालची. आज तेथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्‌सचे रेजिमेंटल केंद्र आहे. १९४९ साली उभ्या राहिलेल्या या रेजिमेंटची पहिली बटालियन म्हणजे पहिल्या महायुद्धातील ६९वी पंजाबी पलटण. खंदकयुद्धातील मोठी पायदळी आक्रमणे का फसली, हे समजून घेताना आम्हाला या पलटणीचा २५ सप्टेंबर १९१५ चा दिवस महत्त्वाचा वाटतो.

यंत्रबंदुकांपुढे माणसे कापली गेली, एवढेच उत्तर सहसा दिले जाते. ते खोटे नाही, अपुरे आहे. त्या दिवशी लूसच्या उत्तरेस मेरठ डिव्हिजनने दुय्यम हल्ला चढवला. जर्मन राखीव फौज दक्षिणेच्या मुख्य लढाईकडे जाऊ नये, हा हेतू. सुरुंग उडाला, विषारी वायू सोडला. पण वारा प्रतिकूल असल्याने तो आपल्याच लोकांना बाधला. तरीही ६९वी पंजाबी व ब्लॅक वॉच या पलटणी जर्मनांचा पहिला खंदक ओलांडून खोलवर घुसल्या. फसगत झाली ती तिथून पुढे. शेजारच्या तुकड्या मागे राहिल्याने बगला उघड्या पडल्या, हातबॉम्ब संपले, आणि प्रतिहल्ल्यापुढे मिळवलेली सगळी भूमी सोडून माघारी यावे लागले.

असे का व्हावे? पुढे गेलेल्या सैनिकामागे तोफांनी नांगरलेली जमीन असे. टेलिफोनच्या तारा तुटलेल्या. निरोप्या जिवंत पोहोचला तर पोहोचला. सेनापतीला बातमी कळून राखीव पलटणी निघेपर्यंत तास उलटत. बचाव करणारा मात्र आपल्याच रस्त्यांनी, आपल्याच रेल्वेने कुमक आणी. मार्च १९१५ मध्ये न्यव्ह शापेल येथे ३५ मिनिटांच्या तोफमाऱ्यानंतर गाव काही तासांतच हाती आले होते. पुढच्या हुकमाची वाट पाहण्यात उरलेला दिवस गेला आणि जर्मनांनी नवी फळी उभारली. शौर्याची उणीव कुठेच नव्हती, हे आवर्जून सांगावेसे वाटते. कारण पराभवाचे खापर शिपायाच्या माथी मारण्याची साहेबी सवय जुनी आहे.

बगलेने वळसा घालावा, तर फ्रान्समध्ये बगलच नव्हती: खंदक समुद्रापासून स्वित्झर्लंडपर्यंत. मेसोपोटेमियात वाळवंट मोकळे, तरी हन्ना येथे एका बाजूला तैग्रिस नदी नि दुसऱ्या बाजूला दलदल. फ्रान्समधून तिकडे धाडलेल्या फौजेने २१ जानेवारी १९१६ रोजी चिखलातून, अपुऱ्या तोफांच्या आधाराने, समोरासमोर हल्ला केला. सुमारे २,७०० माणसे पडली, तुर्की फळी हलली नाही.

ज्यांना सोडवायचे होते ते कूतमध्ये अडकलेले. त्यांत १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत शरण आले. सुमारे १३,००० जण कैदेत गेले; त्यांच्या सुटकेसाठी झालेल्या हल्ल्यांत सुमारे २३,००० मेले वा जखमी झाले होते.