डॅशबोर्डमधल्या भोकाची कुळकथा

जुन्या गाड्या पारखणारा माणूस बॉनेट उघडण्याआधी डॅशबोर्डकडे बघतो. मधोमध दोन नॉब आणि त्यांच्यामधली छोटी डायल शाबूत असेल, तर गाडी जपणाऱ्या हातांत होती असे तो समजतो. त्या जागी कानशीने वाढवलेले आयताकृती भोक असेल, तर गाडीची किंमत त्याच्या मनात तिथेच खाली येते. इंजिन पुन्हा बांधता येते, सीटची कव्हरे शिवता येतात, बॉडीचा पत्रा ठोकून सरळ करता येतो. पन्नास वर्षांपूर्वीचा डॅशबोर्ड मात्र एकदा कापला की तसा दुसरा सहजी मिळत नाही. फियाट, पद्मिनी, अँबॅसडर, मॉरिस मायनर, बीटल, मर्सिडीज अशा कितीतरी गाड्यांच्या तोंडावर हा घाव आहे. तो का बसला आणि आज तो टाळून गाडीत चांगला आवाज कसा आणता येतो, हे समजायला कार रेडिओच्या मुळापर्यंत जावे लागते.

स्टिअरिंगच्या दांड्यावरचा रेडिओ

पॉल आणि जोसेफ गॅल्विन या भावांनी 1928 मध्ये शिकागोत कंपनी काढली. बॅटरीवरचे रेडिओ घरातल्या विजेवर चालवणारे एलिमिनेटर ते बनवत. लवकरच रेडिओच थेट विजेवर चालू लागले आणि एलिमिनेटरची गरज संपत आली. मग त्यांनी मोटारीसाठी रेडिओ करायला घेतला. विल्यम लिअर आणि एल्मर वेव्हरिंग हे दोन तरुण त्या कामात होते. जून 1930 मध्ये अटलांटिक सिटीत रेडिओ उत्पादकांचे अधिवेशन भरले, तेव्हा पॉल गॅल्विन आपल्या स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवून तिथे गेले आणि गाडी बाहेर उभी करून येणाऱ्या-जाणाऱ्यांना तो ऐकवू लागले. या रेडिओचे नाव मोटोरोला. 1947 मध्ये कंपनीनेच ते नाव घेतले.

त्या काळचा रेडिओ गाडीत अनेक तुकड्यांनी बसे. व्हॉल्व्हची जड पेटी इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला लागे. स्पीकर वेगळा असे. व्हॉल्व्हना लागणाऱ्या चढ्या व्होल्टेजच्या बॅटऱ्या पायाखालच्या फळीत जात. ड्रायव्हरच्या हाताशी असे ते फक्त नियंत्रणाचे छोटे डोके. ते स्टिअरिंगच्या दांड्याला आवळलेले असे आणि तिथून लवचीक तारा पेटीपर्यंत जात. स्पार्क प्लगच्या ठिणग्यांची खरखर रेडिओत उतरू नये म्हणून प्लगना सप्रेसर लावावे लागत. एवढ्या खटाटोपात डॅशबोर्ड कापायची गरज पडत नसे. ही रचना लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण आजचा सर्वांत स्वस्त उपाय जवळपास तोच आहे.

युरोपात 1932 मध्ये ब्लाउपुंक्टचा ‘ऑटोसुपर एएस 5’ आला. वजन सुमारे 15 किलो, नियंत्रण पुन्हा स्टिअरिंगच्या दांड्यावर. पुढे व्हायब्रेटर आला. गाडीच्या बॅटरीचा प्रवाह वेगाने तोडून-जोडून तो ट्रान्सफॉर्मरला देई आणि चढे व्होल्टेज तिथेच तयार होई. पायाखालच्या बॅटऱ्या गेल्या आणि पेटी आटोपशीर झाली. तशी ती ड्रायव्हरच्या समोर येऊ लागली.

दोन नॉबांचा काळ

1930 च्या दशकाच्या अखेरीपासून कारखान्यांनी डॅशबोर्डमध्येच रेडिओची जागा ठेवायला सुरुवात केली. तिथून दोन नॉबांचा रेडिओ रुळला. डावीकडे आवाज, उजवीकडे स्टेशन, मध्ये डायल. जर्मनीच्या बेकर कंपनीने 1953 मध्ये काढलेला ‘मेक्सिको’ या घराण्यातला सर्वांत नावाजलेला सेट. तो एफएमही पकडे आणि स्टेशन आपोआप शोधे. 1955 मध्ये क्रायसलर आणि फिल्को यांनी पूर्ण ट्रान्झिस्टरचा कार रेडिओ जाहीर केला, आणि व्हॉल्व्ह व व्हायब्रेटर दोघांचीही गरज संपत गेली.

या रेडिओची बसवण्याची पद्धत नीट समजून घ्यायला हवी, कारण सगळ्या नुकसानीचे मूळ तिच्यात आहे. हा रेडिओ डॅशबोर्डच्या मागून बसतो. पत्र्याला मध्ये एक लहान आयत आणि दोन बाजूंना नॉबच्या दांड्यांपुरती दोन गोल भोके असतात. मागून पेटी सरकवायची, दांड्या बाहेर काढायच्या, पुढून नट आवळायचे आणि पेटीच्या पाठीला पट्टीचा आधार द्यायचा. रेडिओचे शरीर कितीही मोठे असले तरी पुढे दिसते ते फक्त नाक. युरोपीय गाड्यांत हे नाक साधारण चार इंच रुंद आणि पावणेदोन इंच उंच असे. दोन दांड्यांमधले अंतर मात्र गाडीगणिक बदले. रेडिओ न घेणाऱ्या गिऱ्हाइकाच्या गाडीत त्या जागी कोरी पट्टी बसवलेली मिळे.

गाडीत स्वतःच्या आवडीची गाणी लावायची सोय आली, तीही सुरुवातीला पत्रा न कापताच. क्रायसलरने 1956 च्या मॉडेलांत ‘हायवे हाय-फाय’ नावाचा रेकॉर्ड प्लेअर दिला. सात इंची तबकडी मिनिटाला 16⅔ फेरे घेई आणि यंत्र डॅशबोर्डच्या खाली टांगलेले असे. 1965 मध्ये फोर्डने आठ ट्रॅकचा टेप प्लेअर देऊ केला. त्या टेपमागेही तोच विल्यम लिअर होता. बाजारात मिळणारे असे बरेच प्लेअरही डॅशखाली ब्रॅकेटला लटकत.

कॅसेट आली, करवत आली

फिलिप्सने 1963 मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात कॉम्पॅक्ट कॅसेट दाखवली, आणि 1968 मध्ये गाडीसाठी कॅसेट आणि रेडिओ एकत्र असलेला सेट आणला. जर्मन मानकसंस्था ‘डिन’ने कार रेडिओचे माप ठरवले. तोंड 180 मिलिमीटर रुंद, 50 मिलिमीटर उंच. पुढे 1984 मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झाले. जगातल्या कोणत्याही कंपनीचा सेट कोणत्याही गाडीत बसावा, हा त्यामागचा हेतू चांगला होता आणि नव्या गाड्यांसाठी तो पुराही झाला.

पण डिन सेट पुढून बसतो. लोखंडी चौकट भोकात घालायची, तिच्या पट्ट्या वाकवून ती पक्की करायची आणि सेट आत सरकवायचा. त्यासाठी भोक सेटच्या पूर्ण तोंडाएवढे, म्हणजे 182 बाय 53 मिलिमीटर लागते. जुन्या गाडीत असते ते छोट्या नाकाचे भोक आणि दोन गोल. नवा सेट घालायचा तर आयत आणि गोल यांच्यामधला पत्रा कापावा लागतो आणि उंचीही कानशीने वाढवावी लागते. कापलेला तो तुकडा कचऱ्यात जातो. पत्र्याच्या डॅशबोर्डला करवत लागली, लाकडी पट्टीचे वेनिअर तडकले, पॅडवाल्या डॅशबोर्डचे रेक्झिन फाटले.

आपल्याकडे ही करवत उशिरा आली आणि जोरात चालली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून फियाट आणि पुढे पद्मिनी बाहेर पडत होत्या, तेव्हा गाडीतल्या रेडिओलाही परवाना लागे. त्या रेडिओवर मिडियम वेव्ह, म्हणजे मुख्यतः आकाशवाणी आणि विविध भारती. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्या. अभंग, नाट्यगीते, लावण्या, सिनेमाची गाणी हवी तेव्हा लावता येऊ लागली. घाटात स्टेशन गेले तरी गाणे थांबेना. लोकांनी कार टेप बसवले आणि मेकॅनिकने हाताशी असलेल्या हत्यारांनी जागा केली. त्या मालकांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. त्यांच्यासाठी ती रोजची गाडी होती आणि गाण्याची ओढ खरी होती. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 अखेर निवृत्त झाली. उरलेल्या पद्मिनी आता जपायच्या गाड्या आहेत, म्हणून आपली जबाबदारी त्या मालकांहून वेगळी आहे.

न कापता काय करता येते

पहिला आणि माझ्या मते सर्वांत सुंदर मार्ग म्हणजे मूळ रेडिओचे कवच ठेवून आतले काम नवे करणे. डायल, नॉब, दिवा तेच राहतात. आत एफएम, ब्लूटूथ आणि छोट्या अॅम्प्लिफायरचे सर्किट बसते. काढलेले मूळ सर्किट मात्र डब्यात जपून ठेवायचे. काम इलेक्ट्रॉनिक्स जाणणाऱ्या कारागिराचे आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात पासोड्या विठोबाजवळचा बाजार ही सुटे भाग शोधायची ठिकाणे.

दुसरा मार्ग, दोन नॉबांचा नवा सेट. दांड्यांमधले अंतर कमीजास्त करता येणारे सेट आता बनतात, ते मूळ भोकांत मागून बसतात. ज्यांच्या गाडीत कारखान्यातूनच डिनचे भोक आहे त्यांच्यासाठी जुन्या चेहऱ्याचे सेट निघाले आहेत. पोर्शने 2015 मध्ये आपल्या जुन्या 911 गाड्यांसाठी दोन नॉबांचा, नेव्हिगेशन असलेला रेडिओ आणला.

तिसरा मार्ग गॅल्विन बंधूंचा. पेटी लपवायची आणि हाताशी फक्त नियंत्रण ठेवायचे. ब्लूटूथचा छोटा अॅम्प्लिफायर ग्लोव्हबॉक्समध्ये किंवा सीटखाली ठेवा, गाणी फोनवरून लावा आणि मूळ रेडिओ जागेवर तसाच राहू द्या. खर्च सर्वांत कमी आणि गाडीला नवे भोक एकही नाही.

स्पीकरसाठी दरवाजे कापू नका. जुन्या डॅशबोर्डच्या जाळीमागे एकच स्पीकर असतो. दोन व्हॉइस कॉइलचा स्पीकर मिळतो; डावा आणि उजवा, दोन्ही चॅनल तो एकटा वाजवतो. अधिक भरीव आवाज हवा तर सीटखाली सुटी पेटी ठेवता येते.

आधी वीज तपासा

साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे प्लस टोक बॉडीला जोडलेले असे. आजच्या सेटचे लोखंडी अंग मायनसला असते. असा सेट त्या गाडीत स्क्रूने आवळला की शॉर्ट झालाच समजा. एकतर गाडीचे अर्थिंग जाणकाराकडून उलटून घ्यायचे, डायनामो पुन्हा पोलराइज करून. नाहीतर गाडीची आणि सेटची बाजू पूर्ण अलग ठेवणारा कन्व्हर्टर लावायचा. बीटलसारख्या गाड्यांत साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत 6 व्होल्ट होते. तिथे 12 व्होल्ट देणारा कन्व्हर्टर लागतो.

डायनामोची ताकदही बघा. मॉरिस मायनर आणि जुन्या मिनीतला ल्युकास सी-40 फार तर 22 अँपिअर देतो, तोही इंजिन वेगात असताना. रात्री हेडलाइट आणि पावसात वायपर चालले की त्यातला मोठा वाटा संपतो. तिथे शेकडो वॅटचा अॅम्प्लिफायर लावणे म्हणजे बॅटरी रिकामी करणे. कमी वीज खाणारा ‘क्लास डी’चा छोटा अॅम्प्लिफायर पुरतो. नव्या तारेला स्वतःचा फ्यूज द्या आणि मूळ वायरिंग तोडून सांधे मारू नका. मूळ रेडिओ चालू करून बघायचा असेल, तर स्पीकर जोडल्याशिवाय करू नका. जुन्या सेटचा आउटपुट त्याने जळू शकतो.

जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या जागतिक संघटनेची ट्यूरिन सनद हेच सांगते की बदल करावाच लागला तर तो ओळखता यावा आणि मागे घेता यावा. आपल्या केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांतही 50 वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज नोंदणी मिळते. सत्तरच्या दशकातल्या पद्मिनी आता त्या वयाला पोहोचत आहेत.

म्हणून ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांना कळकळीची विनंती. काम देण्याआधी डॅशबोर्डचे आणि मागच्या तारांचे फोटो काढा, काढलेला प्रत्येक नट, पट्टी आणि नॉब पिशवीत घालून त्यावर नाव लिहा, आणि पत्रा कापायचा नाही ही अट आधी घाला. ती अट मान्य नसलेल्या कारागिराकडे गाडी सोडू नका.